‘बिकमिंग लेड झेपलिन’ : रॉकच्या चार बादशहांची डॉक्युमेंटरी १९७० लाच का थांबते?

लेड झेपलिन हा बँड १९८० मध्ये संपला. तेव्हापासून या बँडवर ढिगाने पुस्तकं निघाली, अफवा पसरल्या, किस्से रंगले. पण बँडमधल्या लोकांनी एकत्र येऊन ‘चला, आमची गोष्ट आम्हीच सांगतो’ म्हणत एखाद्या डॉक्युमेंटरीला होकार दिला, असं काही झालं नव्हतं.

ते २०२५ च्या फेब्रुवारीत झालं. ‘बिकमिंग लेड झेपलिन’ नावाची दोन तासांची डॉक्युमेंटरी आयमॅक्सच्या भल्यामोठ्या पडद्यावर आली. दिग्दर्शक बर्नार्ड मॅकमॅन, आणि लेखनात त्याच्या जोडीला अ‍ॅलिसन मॅकगॉर्टी. याच जोडीने आधी ‘अमेरिकन एपिक’ ही अमेरिकेतल्या जुन्या लोकसंगीताच्या रेकॉर्डिंगवरची मालिका केली होती.

आता गंमत बघा. हा सिनेमा १९७० च्या जानेवारीत थांबतो. ज्या ‘स्टेअरवे टू हेवन’मुळे जगभरातली पोरं गिटारच्या क्लासला जातात, ते गाणं आलं १९७१ मध्ये. म्हणजे बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं बँडच्या अधिकृत डॉक्युमेंटरीत नाहीच.

असं का? आणि जे दाखवलंय त्यात काय आहे, जे गाळलंय त्यात काय होतं? सविस्तर बघूया.

आधी हे सांगा, लेड झेपलिन म्हणजे कोण?

चार इंग्रज पोरं. जिमी पेज गिटारवर, जॉन पॉल जोन्स बेस आणि कीबोर्डवर, रॉबर्ट प्लांट गायक आणि जॉन बॉनम ड्रम्सवर.

यातले पेज आणि जोन्स लंडनच्या बाजूचे. दोघंही बँड बनायच्या आधीपासून स्टुडिओत वाजवून पोट भरत होते. याला तिकडे सेशन म्युझिशियन म्हणतात. काम सोपं असतं असं नाही. सकाळी एका पॉप गाण्याला गिटार, दुपारी जाहिरातीची धून, संध्याकाळी सिनेमाचं पार्श्वसंगीत. नोटेशन समोर ठेवलं की वाजवायचं, ठरलेले पैसे घ्यायचे आणि घरी जायचं. गाणं हिट झालं तरी तबकडीवर यांचं नाव नाही. जेम्स बाँडच्या ‘गोल्डफिंगर’चं शीर्षकगीत १९६४ मध्ये शर्ली बॅसीने गायलं, तेव्हा ऑर्केस्ट्रात आपण दोघंही होतो, असं ते या डॉक्युमेंटरीत सांगतात. जगाने गाणं ऐकलं, पण ते वाजवलं कुणी हे कुणाला माहीत नव्हतं.

हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्लांट आणि बॉनम हे बर्मिंगहॅमच्या आसपासच्या कारखान्यांच्या पट्ट्यातले. प्लांटच्या घरच्यांना वाटत होतं की पोरानं चार्टर्ड अकाउंटंट व्हावं. तो गेलाही शिकायला, पण दोन आठवड्यांत बाहेर पडला. मग गाणं चालेना म्हणून त्यानं रस्त्यावर डांबर टाकायचंही काम केलं. बॉनम त्याचा जुना मित्र, दोघं ‘बँड ऑफ जॉय’ नावाच्या बँडमध्ये एकत्र होते. १९६८ मध्ये बॉनमला एका अमेरिकन गायकासोबत बऱ्या पगाराचं काम मिळालेलं होतं. घरी बायको आणि लहान पोरगा. म्हणजे हातातलं काम सोडून नव्या बँडच्या भानगडीत पडणं हा त्याच्यासाठी सरळसरळ जुगार होता.

मग हे चौघं एकत्र कसे आले?

पेज ‘यार्डबर्ड्स’ नावाच्या नावाजलेल्या बँडमध्ये होता. १९६८ च्या जुलैमध्ये तो बँड फुटला. पेज आणि मॅनेजर पीटर ग्रँट यांनी नवी माणसं शोधायला घेतली. पेजनं आधी टेरी रीड नावाच्या गायकाला विचारलं. त्यानं नाही म्हटलं, पण प्लांटचं नाव सुचवलं. प्लांटनं बॉनमचं नाव सुचवलं. जोन्सला या नव्या बँडची कुणकुण लागली आणि त्यानं स्वतःच पेजला फोन केला.

ऑगस्ट १९६८ मध्ये लंडनच्या जेरार्ड स्ट्रीटवरच्या एका खोलीत चौघं पहिल्यांदा एकत्र वाजवायला बसले. पहिलं गाणं संपलं तेव्हाच आपल्या हाती काय लागलंय हे त्यांना कळलं, असं तिघंही सांगतात.

यानंतरचा वेग बघा :

सप्टेंबर १९६८ मध्ये जुन्या बँडचे ठरलेले कार्यक्रम ‘न्यू यार्डबर्ड्स’ या नावाने डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये केले. लगेच लंडनला येऊन पहिला अल्बम रेकॉर्ड केला. स्टुडिओचा एकूण वेळ जेमतेम ३६ तास, आणि खर्च साधारण १,८०० पौंड, तोही स्वतःच्या खिशातून. डिसेंबरमध्ये अमेरिकेत पहिला कार्यक्रम. जानेवारी १९६९ मध्ये पहिला अल्बम. ऑक्टोबर १९६९ मध्ये दुसरा. आणि त्याच वर्षाच्या शेवटी या दुसऱ्या अल्बमने अमेरिकेच्या यादीत बीटल्सच्या ‘अ‍ॅबी रोड’ला पहिल्या नंबरवरून खाली उतरवलं.

पहिली रिहर्सल ते बीटल्सला मागे टाकणं, मध्ये दीड वर्षसुद्धा नाही. डॉक्युमेंटरी सांगते ती या दीड वर्षाची गोष्ट.

यात नशीब किती आणि हिशोब किती?

दोन्ही आहे. पण हिशोब लोकांना कमी माहीत असतो.

त्या काळात नवा बँड आधी रेकॉर्ड कंपनीकडे जायचा, कंपनी पैसे लावायची आणि मग कंपनीचा माणूस सांगेल तसं गाणं व्हायचं. पेजनं स्टुडिओत वर्षानुवर्षं हेच पाहिलं होतं. त्यामुळे त्यानं उलटं केलं. आधी स्वतःच्या पैशाने अल्बम पूर्ण केला आणि तयार टेप घेऊन ‘अटलांटिक रेकॉर्ड्स’शी बोलणी केली. माल तयार असल्यामुळे अटी घालता आल्या. संगीतात कंपनीची ढवळाढवळ नको, कव्हर आमच्या पसंतीचं, आणि ब्रिटनमध्ये सुटी गाणी, म्हणजे सिंगल्स काढायची नाहीत. ऐकायचं तर अख्खा अल्बम घ्या.

समीक्षकांना मात्र हा बँड पटला नव्हता. ‘रोलिंग स्टोन’ या मासिकाने पहिल्या अल्बमला चांगलंच झोडपलं. पण अमेरिकेत तेव्हा एफएम रेडिओवर अख्खे अल्बम वाजवायची टूम निघाली होती, आणि कार्यक्रमांची चर्चा एका शहरातून दुसऱ्या शहरात तोंडोतोंडी जात होती. परीक्षण वाचणारे वाचत राहिले, तिकिटं घेणारे तिकिटं घेत राहिले.

डॉक्युमेंटरीत नेमकं भारी काय आहे?

तीन गोष्टी.

पहिली, गाणी पूर्ण ऐकायला मिळतात. संगीतावरच्या बहुतेक डॉक्युमेंटरींची तक्रार काय असते? गाणं सुरू होतं, वीस सेकंदात आवाज खाली जातो आणि कुणीतरी तज्ज्ञ बोलायला लागतो. इथे गाणं वाजतं तर वाजतंच. डेन्मार्कच्या टीव्हीवरचा १९६९ चा कार्यक्रम बघताना चौघांमधलं अंतर दिसतं, एकमेकांकडे टाकलेली नजर दिसते. फ्रान्सच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात तर समोर बसलेल्या काही प्रेक्षकांनी कानांत बोटं घातलीयत. हा आवाज तेव्हा किती नवा होता हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, ती बोटं पुरेशी आहेत.

दुसरी, बॉनमचा आवाज. बॉनम २५ सप्टेंबर १९८० रोजी गेला. अतोनात दारू प्यायल्यानंतर झोपेत. वय अवघं ३२. तो मुलाखती फारशा द्यायचा नाही. डॉक्युमेंटरीच्या टीमला ऑस्ट्रेलियातून त्याच्या एका जुन्या मुलाखतीची ध्वनिफीत मिळाली. ती हयात असलेल्या तिघांना ऐकवली जाते आणि कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर राहतो. आता हे तिघं सत्तरी पार केलेले, आणि कानावर येणारा आवाज मात्र तरुण बॉनमचा. तो आपल्या या दोस्तांबद्दल बोलतोय. तिघंही फार काही बोलत नाहीत. सिनेमातला सगळ्यात हलवून टाकणारा भाग हाच आहे.

तिसरी, वातावरण. युद्ध संपल्यानंतरचं इंग्लंड, पडक्या इमारती, रेशनिंगची वर्षं, आणि त्यात अमेरिकेतून येणाऱ्या तबकड्या. शाळकरी जिमी पेज बीबीसीच्या कार्यक्रमात गिटार वाजवतो, आणि मोठेपणी काय करणार विचारल्यावर जीवशास्त्रात संशोधन करायचंय म्हणून सांगतो. चौदा वर्षांचा जोन्स चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. ही पोरं त्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकायची.

मग ही १९७० लाच का थांबते?

नावातच उत्तर आहे. ‘बिकमिंग’ म्हणजे घडणं. दिग्दर्शकाला घडण्याचीच गोष्ट सांगायची होती. शेवट होतो ९ जानेवारी १९७० च्या लंडनमधल्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या कार्यक्रमाने. त्या दिवशी पेजचा सव्विसावा वाढदिवस होता. पोरं परदेशात नाव कमावून घरी आली, घरच्यांसमोर वाजवलं, टाळ्या. गोष्ट इथे छान पूर्ण होते.

पण पूर्णविराम कुठे द्यायचा हा निर्णय काही निरागस नसतो.

१९७० च्या पुढे काय आहे? ‘स्टेअरवे’ आहे, खचाखच भरलेली स्टेडियम आहेत, खासगी विमान आहे. आणि त्याच काळात हेरॉइन आहे, दारू आहे, दौऱ्यांवरच्या हॉटेलांमधले असे प्रकार आहेत ज्यांना तेव्हा ‘रॉकस्टारची मजा’ म्हणून खपवलं गेलं आणि आज ज्यांच्याकडे बघायची नजर बदललीय. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडच्या कार्यक्रमात आयोजकांच्या माणसांना मारहाण झाली, त्यात मॅनेजर ग्रँट आणि बॉनम यांच्यावर गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात प्लांटचा पाच वर्षांचा मुलगा आजारपणात गेला. आणि तीन वर्षांनी बॉनम.

१९७० ला थांबलं की यातलं काहीच दाखवावं लागत नाही.

बँडची परवानगी इतकी का लागते?

इथे थोडं कायद्याचं समजून घेऊ, कारण ओटीटीवर दिसणाऱ्या बहुतेक संगीत डॉक्युमेंटरींमागे हेच असतं.

एका गाण्यावर दोन वेगवेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल. तो गीतकार-संगीतकाराकडे किंवा त्यांच्या प्रकाशन कंपनीकडे असतो. दुसरा प्रत्यक्ष रेकॉर्डिंगचा. तो सहसा रेकॉर्ड कंपनीकडे. सिनेमात गाणं वापरायचं तर दोन्हीकडून परवानगी लागते. एकानं जरी नाही म्हटलं तरी विषय संपला.

म्हणजे तुम्ही लेड झेपलिनवर कडक टीका करणारी डॉक्युमेंटरी बनवू शकता. पण त्यात लेड झेपलिनची गाणी असतीलच याची खात्री नाही. गाण्यांशिवाय बँडची डॉक्युमेंटरी म्हणजे मिठाशिवाय जेवण. त्यामुळे दिग्दर्शकासमोर सौदा असा असतो : गाणी हवीत, जुनी फिल्म हवी, मुलाखती हव्यात, तर बँड सोबत हवा. आणि बँड सोबत आला की प्रश्न जरा मऊ होतात.

‘बिकमिंग’मध्ये आजच्या मुलाखती फक्त पेज, प्लांट आणि जोन्सच्या आहेत. सोबत बॉनमची ध्वनिफीत. पत्रकार नाही, इतिहासकार नाही, जुनी प्रेयसी नाही, सोडून गेलेला माणूस नाही. गोष्ट ज्यांची, तेच सांगणारे.

याचा अर्थ परवानगी घेतली की सिनेमा गुळमुळीतच होतो असा नाही. १९७० च्या ‘गिमी शेल्टर’मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ऑल्टामाँटच्या कार्यक्रमात एका तरुणाचा खून झाला, त्याचं चित्रीकरण खुद्द मिक जॅगर संपादनाच्या टेबलावर बघताना दिसतो. २००४ च्या ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’मध्ये मेटालिकाचे लोक समुपदेशकासमोर बसून एकमेकांवर ओरडतात, आणि तो सिनेमा त्यांनी स्वतःच पदरचे पैसे घालून होऊ दिला. २०२१ च्या ‘गेट बॅक’मध्ये जॉर्ज हॅरिसन बीटल्स सोडून निघून जातो तो दिवस आहे. बँडची तयारी असली तर कॅमेरा पुष्कळ दाखवतो. लेड झेपलिननं तेवढी तयारी दाखवलेली नाही.

सगळ्यात मोठी गाळलेली जागा कोणती?

दारू, ड्रग्ज, हॉटेलं हे सगळं १९७० नंतरचं, म्हणून नाही दाखवलं, असं म्हणता येईल. पण एक गोष्ट बरोबर त्याच दीड वर्षातली आहे, आणि तीही यात नाही. ती म्हणजे गाणी कुणाची होती.

या बँडचा पाया ब्लूज. हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांमधून आलेलं संगीत. तिथली माणसं कामाच्या शोधात शिकागोला आली, तिथे त्याला विजेच्या गिटारची जोड मिळाली. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ हे त्यातले दिग्गज. त्यांना गाणी लिहून देणारा, बेस वाजवणारा, रेकॉर्डिंग जमवून आणणारा माणूस म्हणजे विली डिक्सन. मिसिसिपीत १९१५ मध्ये जन्मलेला.

लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमवर डिक्सनची दोन गाणी आहेत आणि तिथे त्याचं नाव नीट छापलेलं आहे. म्हणजे नाव द्यायचं असतं हे त्यांना माहीत होतं. पण इतर काही गाण्यांचं बघा :

‘होल लोटा लव्ह’, दुसऱ्या अल्बमचं पहिलंच गाणं. त्यातली गिटारची धून, म्हणजे रिफ, पेजची. पण शब्दांचा मोठा भाग डिक्सननं लिहिलेल्या आणि मडी वॉटर्सनं १९६२ मध्ये गायलेल्या ‘यू नीड लव्ह’वरून आलेला. अल्बमवर नावं फक्त बँडच्या चौघांची. पुढे हे साम्य डिक्सनच्या मुलीच्या लक्षात आलं. १९८५ मध्ये डिक्सन कोर्टात गेला, १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली.

‘द लेमन साँग’, हाउलिन वुल्फच्या ‘किलिंग फ्लोअर’वर बेतलेलं. त्याचंही नाव नंतर, तडजोडीनंतर आलं.

‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’, ज्यावर पेज व्हायोलिनचा गज गिटारवर फिरवायचा ते गाजलेलं गाणं. याच नावाचं गाणं जेक होम्स या अमेरिकन गायकानं १९६७ मध्ये काढलेलं होतं. तो २०१० मध्ये कोर्टात गेला. तिथेही तडजोड झाली आणि नंतरच्या आवृत्त्यांवर पेजच्या नावासोबत होम्सपासून प्रेरणा घेतल्याचा उल्लेख आला.

आणि ‘बेब, आय अ‍ॅम गॉना लीव्ह यू’. हे पेजनं जोन बाएझच्या तबकडीवर ऐकलं होतं. लेड झेपलिनच्या अल्बमवर छापलं गेलं, ‘पारंपरिक, संयोजन जिमी पेज’. प्रत्यक्षात ते अ‍ॅन ब्रेडन या जिवंत बाईनं लिहिलेलं गाणं होतं. तिचं नाव १९९० मध्ये आलं, म्हणजे एकवीस वर्षांनी.

‘पारंपरिक’ हा शब्द आपल्यालाही चांगला माहितीय. लोकगीतांच्या किती कॅसेटांवर तो छापलेला असायचा. कधी ते खरंच असतं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आणि कधी त्याचा अर्थ एवढाच असतो की लिहिणाऱ्याला शोधायला कुणी गेलं नाही.

पण ब्लूजमध्ये तर सगळेच एकमेकांचं घेतात ना?

बरोबर, हा बँडच्या चाहत्यांचा मुद्दा आहे आणि तो खोटा नाही. ब्लूजमध्ये एकाच्या ओळी दुसऱ्याच्या गाण्यात फिरत राहतात, शिकागोतले दिग्गजही तेच करायचे. शिवाय प्रत्येक आरोप खराही नसतो. ‘स्टेअरवे टू हेवन’ची सुरुवात ‘स्पिरिट’ या बँडच्या ‘टॉरस’वरून उचलली असा दावा झाला होता. २०१६ मध्ये ज्युरीनं लेड झेपलिनच्या बाजूनं निकाल दिला, अपिलात २०२० मध्ये तोच कायम राहिला.

आणि गाणी कुठूनही आली तरी बॉनमचे ड्रम्स, पेजनं माइक लांब ठेवून पकडलेला खोलीचा घुमणारा आवाज, प्लांटची ताण घेणारी पट्टी, जोन्सचं सगळ्याला धरून ठेवणं, हे त्यांचंच आहे. पुढच्या हार्ड रॉक आणि हेवी मेटलची वाट त्यातून निघाली.

फरक फक्त एका जागी आहे. गावात, बारमध्ये, मित्रांत एकमेकांच्या ओळी घेणं वेगळं, आणि लाखोंनी खपणाऱ्या तबकडीवर ‘लेखक’ म्हणून नाव छापणं वेगळं. कारण नाव म्हणजे नुसता मान नसतो. रॉयल्टीचा चेक त्या नावावर निघतो. ज्याचं नाव तिथे नाही त्याला गाणं हजार वेळा रेडिओवर वाजलं तरी काही मिळत नाही.

डिक्सनला हे पुरतं कळलेलं होतं. लेड झेपलिनच्या आधी त्याला गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशन कंपनीशीही कोर्टात भांडावं लागलं होतं. म्हणजे त्याचे पैसे अडवणारे फक्त परदेशातले गोरे रॉकस्टार नव्हते. पुढे त्यानं ब्लूज हेवन फाउंडेशन काढलं, इतर म्हाताऱ्या ब्लूज कलाकारांना त्यांचे हक्काचे पैसे मिळवून द्यायला मदत व्हावी म्हणून. १९९२ मध्ये तो गेला. ज्या चेस रेकॉर्ड्सच्या स्टुडिओत त्यानं आयुष्य काढलं, ती शिकागोतली इमारत नंतर त्याच्या पत्नीनं फाउंडेशनसाठी घेतली.

आता मघाचा मुद्दा आठवा. पेज आणि जोन्स हे स्वतः वर्षानुवर्षं तबकडीवर नाव न येणारे वादक होते. नाव नसणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? डॉक्युमेंटरी त्यांचे बिननावाचे दिवस कौतुकाने दाखवते. त्यांनी ज्यांची नावं टाकली नाहीत त्यांच्याकडे मात्र वळत नाही. ब्लूजचे दिग्गज सिनेमात दिसतात ते प्रेरणा म्हणून. देणेकरी म्हणून नाही.

यात मुंबई कुठे येते?

येते, पण सिनेमा थांबतो त्याच्या दोन वर्षांनी. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ या तेव्हाच्या डिस्कोथेकमध्ये त्यांनी वाजवल्याचा किस्सा मुंबईचे जुने रॉकप्रेमी अजून सांगतात. त्याच वेळी स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी भारतीय वाद्यांवर पुन्हा रेकॉर्ड केली.

ती रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये, ‘कोडा’ अल्बमच्या नव्या आवृत्तीत. ऐका, तबला आणि तंतुवाद्यांवर लेड झेपलिन कसं वाटतं ते कळेल. आणि गाण्यांच्या यादीत वादकांसाठी काय लिहिलंय तेही बघा. ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’.

मुंबईच्या स्टुडिओंना हे नवीन नव्हतंच. हिंदी सिनेमाची सोनेरी वर्षं ज्यांनी वाजवून दिली त्यातले कितीतरी गोव्याचे वादक पडद्यावर नावाने कधी आले नाहीत. त्यातल्या एकाचं, माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचं नाव घरोघरी पोचलं ते ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी गुरूला दिलेली ती सलामी होती. पण बहुतेकांना ते नाव अमिताभच्या पात्राचंच वाटलं.

मग ही डॉक्युमेंटरी बघायची की नाही?

नक्की बघा. चांगल्या स्पीकरवर किंवा हेडफोन लावून, आवाज मोठा ठेवून बघा. चार जण एका खोलीत एकत्र आल्यावर काय होऊ शकतं, हे इतक्या जवळून दाखवणाऱ्या डॉक्युमेंटरी थोड्याच आहेत.

फक्त बघताना दोन प्रश्न डोक्यात असू द्या. बोलतंय कोण? आणि गोष्ट नेमकी कुठे थांबवलीय? हे दोन प्रश्न कुठल्याही बँडच्या, खेळाडूच्या, अगदी नेत्याच्या डॉक्युमेंटरीला लागू पडतात.

आणि सिनेमा संपल्यावर एक छोटं काम करा. मडी वॉटर्सचं १९६२ चं ‘यू नीड लव्ह’ ऐका आणि लगेच लेड झेपलिनचं १९६९ चं ‘होल लोटा लव्ह’ ऐका. दोन्ही मिळून दहा मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. काय घेतलंय आणि काय स्वतःचं घातलंय, दोन्ही तुमच्या कानांना कळेल. मग त्या गाण्याचं क्रेडिट उघडून बघा. पेज, प्लांट, जोन्स, बॉनम, आणि आता पाचवं नाव : विली डिक्सन.